द्ध कमी पडले

आमच्या छापखान्यात द्ध एकूण एकोणीस.
त्यातला एक टाचेत मोडका.

वाईत, मधल्या आळीत, चैत्र सरताना
कृष्णा आटून घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या
आणि केसमधलं शिसं दुपारी हाताला चटके देणारं,
तेव्हा कोशाचा कागद आला:
‘तीस वर्षांचे युद्ध’. दीड रकाना.
परांडेकर मास्तरांचं अक्षर, मुंगी शाईतून चालत गेल्यासारखं.

आम्ही जुळारी ओळ उलटी लावतो, डोकं खाली, पाय वर.
प्रागच्या खिडकीतून फेकलेली माणसं
माझ्या स्टिकमध्ये आधीच उलटी होती.
इतक्या उंचावरून पडूनही ती जगली.
कॅथलिक म्हणाले, देवदूतांनी झेललं;
प्रॉटेस्टंट म्हणाले, उकिरड्यानं.
मास्तरांनी दोन्ही लिहिलं होतं.
मी मधला अर्धविराम नीट ठोकून बसवला.

कॅ आणि प्रॉ.
दोघांच्या डोक्यावर सारखाच अर्धचंद्र.
मी, बाबालाल आतार, खिळे वेचता वेचता
एकटाच हसलो.

मग द्ध संपले.
युद्ध, विरुद्ध, युद्धखोर, प्रसिद्ध सेनापती, पुन्हा युद्ध,
कॅथलिक फ्रान्स कॅथलिकांच्याच विरुद्ध
(इथं मी कागद दोनदा वाचला, मास्तर चुकले असतील म्हणून).
अजून सोळा ओळी बाकी, आणि खण रिकामा.

कोपऱ्यात एक पत्रक बांधून उभं होतं:
बुद्ध जयंती, सिद्धनाथवाडी, सर्वांनी यावे.
चिमट्यानं त्यातले द्ध काढले. पाच निघाले.
जागेवर दुसरे खिळे पालथे घातले,
प्रुफात काळे ठोकळे उमटतात तसे.

सोपान रणपिसे प्रूफ बघायला आला.
बु, मग ठोकळा. सि, मग ठोकळा, मग नाथवाडी.
‘आतार, हे काय?’
‘युद्धावर गेलेत. बुधवारी सुटतील.’
तो रिमावर बसला. ‘कुणाचं युद्ध?’
‘एकाच येशूची माणसं. आपसात.’
‘पाणवठा वेगळा होता का त्यांचा?’
मी कागद वरखाली पाहिला.
‘मास्तरांनी लिहिलं नाही.’
‘लिहायला पाहिजे होतं,’ सोपान म्हणाला,
आणि माझ्या तांब्यातलं पाणी प्यायला.

मंगळवारी मास्तर आले, धोतराचा सोगा शाईपासून सांभाळत.
दोन ओळी जास्त होत होत्या.
राजे काढता येईनात. तह तर काढताच येईना,
तोही दोन गावांत, कारण एका गावात बसायला कुणी तयार नाही.
मग त्यांनी पेन्सिल फिरवली ती इथं:
खेडी ओस पडली. लोकांनी गवत, झाडांची साल खाल्ली.
चारशे वस्तीच्या गावात वीस माणसे उरली.

‘मास्तर, ह्याच सालांत इकडंही मोठा दुष्काळ होता ना?’
‘होता की. ती नोंद पुढच्या खंडात.’

त्या दोन ओळी मी सुतळीनं बांधून
खिडकीच्या फळीवर ठेवल्या.

बुधवारी दीड रकाना छापून झाला.
रॉकेलच्या फडक्यानं युद्ध पुसलं,
आणि चाळीस मिनिटांत तीस वर्षं सोडली,
खिळा खिळा आपापल्या खणात:
राजाचा र, रयतेचा र, एकाच खणात.
द्ध तेवढे हातात राखले.
शिसं अजून ओलं होतं, तसेच पत्रकात नेऊन बसवले.
मोडक्या टाचेचा सिद्धनाथवाडीला आला.

सोपाननं पहिलं पत्रक उचललं,
अंगठा टेकला, शाई अंगठ्याला लागली.
‘लंगडतोय हा.’
‘लांबून आलाय,’ मी म्हटलं.
त्यानं दोनशेचे पैसे मोजले, चार आणे कमी.

फळीवरच्या दोन ओळी तशाच राहिल्या.
त्यांत एकही द्ध नव्हता,
म्हणून पुढं कधी कुणाला लागल्या नाहीत.
छापखाना भंगारात किलोवर गेला,
त्या दिवशी मी पसरणीला होतो, मेव्हण्याकडं.
सुतळी कुणी सोडली की तशीच वितळवली,
विचारलं नाही.